बसायला जागा

माझगावच्या ताडवाडीतल्या बी.आय.टी. चाळीत घरून काम करायची वेळ आली, की पहिली अडचण इंटरनेटची येत नाही, बसायचं कुठे याची येते. खोली एकच. त्यात मोरी, ओटा, कपाट, पलंग, देव्हारा, टीव्ही. अकराची मीटिंग आणि अकराची फोडणी एकाच दहा फुटांत. पाठीमागे कोरी भिंत दिसावी म्हणून माणूस दाराकडे तोंड करून बसतो. दार उघडं असतं आणि चाळीत उघड्या दारावरून न डोकावता जायची पद्धत नाही.

२०२० च्या टाळेबंदीने ही कसरत घरोघर शिकवली. आता तिची पुढची इयत्ता सुरू आहे. ऑफिस मुंबईचं किंवा बंगळुरूचं, माणूस मात्र महिना-दोन महिने बँकॉकला, लिस्बनला, नाहीतर बहिणीकडे लंडनला. रजा शिल्लक नाही, साहेबांची हरकत नाही, तिकीट स्वस्तात मिळालेलं. बॅगा उघडून झाल्या, की दुसऱ्या दिवशी सकाळी जुनाच प्रश्न समोर येतो: लॅपटॉप घेऊन बसायचं कुठे?

गिरगाव ते लालबाग या पट्ट्यातल्या माणसाला याचं शिक्षण घेण्यासाठी विमानात बसावं लागत नाही. वरळीत सुदाम काळू अहिरे मार्ग नावाचा रस्ता आहे. हे नाव पत्त्यापुरतं. बोलण्यात ती ‘अभ्यास गल्ली’. बी.डी.डी. चाळींमधल्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्यांतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी वह्या-पुस्तकं घेऊन या शांत रस्त्यावर येत आणि दिव्याखाली फुटपाथवर बसून परीक्षांची तयारी करत. तिथे सभासद व्हावं लागत नसे, कुणी उठवत नसे, आणि शेजारी बसलेलाही अभ्यासच करत असल्यामुळे गप्पांचा मोह आवरता येई. कामासाठी जागा शोधणाऱ्याला जगात कुठेही याहून जास्त काही लागत नाही. प्लग तेवढा वाढला.

या शोधाचं सगळ्यात चांगलं नोंदलेलं उदाहरण परळचंच आहे. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईत आले तेव्हा बिऱ्हाड लोअर परळच्या डबक चाळीत होतं. धनंजय कीर यांच्या चरित्रात त्या खोलीचं वर्णन आहे: उशाशी जातं, पायथ्याशी बकरी, बिनकाचेची मिणमिणती चिमणी. दोघांना एका वेळी नीट झोपता येईल एवढी जागा नव्हती. म्हणून मुलगा लवकर झोपे, वडील जागे राहत. पहाटे दोनला ते मुलाला अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. जागा वाढवता येत नाही तेव्हा वेळ वाटून घ्यायची, ही त्या घरातली रीत होती.

दिवसा मात्र घरात बसणं शक्य नव्हतं. एल्फिन्स्टन हायस्कूल सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. आज त्या बागेला स. का. पाटील उद्यान म्हणतात. त्याच बागेत संध्याकाळी कृष्णराव अर्जुन केळुसकर येत. ते शिक्षक, लेखक आणि सुधारक. रोज त्याच ठिकाणी पुस्तकात डोकं घालून बसलेला मुलगा त्यांच्या नजरेत भरला. ओळख झाली, पुस्तकं मिळू लागली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कारसभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीसाठी शब्दही त्यांनीच टाकला. जागा नीट निवडली, की तिथे येणारी माणसंही हिशेबात धरावी लागतात. बागेतल्या त्या बाकाऐवजी मुलाला घरीच टेबल-खुर्ची मिळाली असती, तर केळुसकर भेटले असते की नाही कोण जाणे.

परक्या शहरात येऊन काम करणाऱ्यांची सोय लावण्यात माझगाव स्वतः जुनं आहे. गोव्याहून बोटीवर जायला आलेले खलाशी, स्वयंपाकी, वाढपी इथल्या आणि धोबीतलावच्या कुडींमध्ये उतरत. कूड म्हणजे गावाचा मुंबईतला क्लब. प्रत्येक गावाची वेगळी, आत त्या गावच्या संताची तसबीर, संध्याकाळी रोझरी, भिंतीला लावून ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रंका. एक बोट सुटली आणि दुसरी लागायची आहे, तेवढ्या मधल्या दिवसांची ही जागा. कोकणातून आणि घाटावरून आलेल्यांसाठी गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत गावचे वीस-पंचवीस गडी, जेवण खानावळीत, आणि गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे झोपायची जागा आळीपाळीने. पहिल्या पाळीचा उठला, की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर पाठ टेकणार. आजच्या कंपन्या यालाच ‘हॉट डेस्क’ म्हणून भाडं लावतात. गावकीत महिन्याची वर्गणी होती आणि आजारपणात कुणीतरी पेज करून देत असे.

कुडीत काय किंवा गावकीत काय, आत यायला गावचं नाव लागे. ओळख नसलेल्याला दार बंद. ग्रंथालयाचा जन्म या अडचणीवर झाला असं म्हटलं तर फार चुकणार नाही. काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय आज ज्या थाटाच्या इमारतीत आहे ती १८७० ची, पण संस्था १८४७ ची. ती काढली टांकसाळ आणि सरकारी गोदीतल्या तरुण कारागिरांनी, ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ म्हणून. दिवसभर यंत्रांशी झटणाऱ्यांना संध्याकाळी बसून वाचायला, व्याख्यानं ऐकायला जागा हवी होती. वरच्या गॅलरीतल्या लांब हातांच्या आरामखुर्च्या सगळ्यांना माहीत असतात, गोदीतले संस्थापक फारसे कुणाला आठवत नाहीत.

आता लंडन.

विद्यार्थी म्हणून आंबेडकर तिथे दोनदा राहिले. १९१६ मध्ये न्यूयॉर्कहून आले, पण पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज घेतलं, आणि १९२० मध्ये ते पुन्हा गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची पदवी आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी एकाच वेळी. उत्तरेकडे १० किंग हेन्रीज रोडवर भाड्याची खोली, घरमालकीण खाण्याच्या बाबतीत हात आखडता घेणारी. सकाळी पावाचा तुकडा आणि कपभर पेय, रात्री भूक अनावर झाली तर पत्र्यावर भाजलेले पापड आणि कपभर दूध.

अशा खोलीत बसून ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहून झाला नसता. बाबासाहेबांनी सबंध शहराची वाटणी केली. विद्यापीठाचं गोल्डस्मिथ्स ग्रंथालय अर्थशास्त्राच्या जुन्या छापील साहित्यासाठी, इंडिया ऑफिसचं ग्रंथालय सरकारी अहवालांसाठी, आणि बाकी सगळ्यासाठी ब्रिटिश म्युझियमची वाचनशाळा. उघडल्याबरोबर आत शिरायचं, मधल्या जेवणाला सुट्टी द्यायची आणि पहारेकरी घंटा वाजवेपर्यंत उठायचं नाही. खोली झोपायला आणि रात्री टिपणं वाचायला. थंडीच्या दिवसांत वाचनशाळा उबदार असते आणि तिथल्या कोळशाचे पैसे घरमालकिणीला द्यावे लागत नाहीत, हा हिशेब तुटपुंज्या पैशांवर राहणाऱ्या कुणालाही करावाच लागे.

सिडनी स्मर्कने आखलेली ती घुमटाखालची गोल वाचनशाळा १८५७ मध्ये उघडली. घुमटाचा व्यास एकशे चाळीस फूट. मध्ये सूचीचं वर्तुळ, तिथून आऱ्यांसारख्या फुटणाऱ्या टेबलांच्या रांगा. कार्ल मार्क्सला म्युझियमचं वाचक-कार्ड १८५० मध्येच मिळालं होतं. नवी वाचनशाळा झाल्यावर तो तिथे बसू लागला. जर्मनीतून हाकललेला, आधीची काही वर्षं सोहोतल्या दोन खोल्यांत बायको-मुलांसह काढलेला माणूस. मार्क्स आणि आंबेडकर एकाच छताखाली बसून गेले हा योगायोग भाषणांत पुष्कळदा येतो. त्यामागचं साधं कारण सांगितलं जात नाही: दोघांनीही घरी टेबल ठेवायला जागा नसलेले दिवस काढले होते, आणि ही संस्था कार्ड फुकट देत होती.

पैसा असला तर गोष्ट वेगळी. लोकमान्य टिळक पत्रकार चिरोलवर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी १९१८ मध्ये लंडनला गेले आणि वर्षभर राहिले ते मेडा व्हेलच्या १० हाउली प्लेसमध्ये. आज त्या घरावर त्यांच्या नावाची पाटी आहे. घर हेच ऑफिस: वकील तिथेच, पत्रव्यवहार तिथेच, होमरूलचा प्रचारही तिथूनच. फेब्रुवारी १९१९ मध्ये ते खटला हरले, पण नोव्हेंबरपर्यंत काम चालूच होतं. त्यांच्याआधी ही वाट चोखाळून आलेला माणूस माझगावचा. माथारपाखाडीत १८६४ मध्ये जन्मलेले जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा शिक्षणाने इंजिनिअर, पुढे केंब्रिजला जाऊन बॅरिस्टर झाले. १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्ष. १९१७ मध्ये ते लीगचे दूत म्हणून इंग्लंडला गेले आणि मजूर पक्षाच्या लोकांत वावरून त्यांनी पाठिंबा जमवला. त्यांचं काम माणसांना भेटण्याचं होतं. त्यांना वाचनशाळा उपयोगाची नव्हती, सभागृहं आणि लोकांच्या बैठकीच्या खोल्या हव्या होत्या. जागा शोधण्याआधी कामाची जात ओळखावी लागते ती अशी.

कॉफीच्या चवीने दुकानांचे क्रम लावणाऱ्या याद्यांत नेमकं हेच सुटतं. वाचायचं-लिहायचं काम आणि बोलायचं काम यांना एक जागा चालत नाही. ग्रंथालयात मीटिंग घेता येत नाही, कॅफेत पगाराच्या आकड्यांची फाइल उघडी ठेवता येत नाही. टोकियोने यावर तोडगा काढला आहे: कराओकेच्या साखळी दुकानांनी दिवसा रिकाम्या पडणाऱ्या आवाजबंद खोल्या ऑफिसकामासाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि जे.आर. ईस्ट रेल्वेने २०१९ पासून स्टेशनांवर एका माणसापुरत्या काचेच्या केबिनी बसवल्या. पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने आत बसायचं, बोलायचं, पुढची गाडी धरायची. हेलसिंकीच्या ओओदी ग्रंथालयात, जे ५ डिसेंबर २०१८ ला उघडलं, बोलायच्या खोल्या आरक्षित करता येतात, वरच्या मजल्यावर पुस्तकांत बसता येतं, आणि मधल्या मजल्यावर शिवणयंत्रंही आहेत. बसायला कार्ड लागत नाही. सेऊलला याच्या उलट टोक दिसतं. तिथे कॅफेत तासन्‌तास अभ्यास करणाऱ्यांची संख्या एवढी वाढली, की ऑगस्ट २०२५ मध्ये स्टारबक्सने सूचना लावली: डेस्कटॉप कॉम्प्युटर, प्रिंटर आणि पार्टिशन घेऊन येऊ नये. प्रिंटर!

मुंबईकराला यात नवल वाटू नये. इराण्याच्या भिंतीवरच्या सूचनांची यादी एवढी प्रसिद्ध, की निस्सीम इझिकेल यांनी तिच्यावर कविता केली. संगमरवरी टेबल, एक पानीकम चहा, आणि गल्ल्यावरून वळणारी नजर. त्या नजरेची मुदत ज्याला कळते त्याला बार्सिलोनातही कुणी उठवणार नाही. तासाला काहीतरी मागवावं, गर्दीच्या वेळी उठावं, चार माणसांच्या टेबलावर एकट्याने बसू नये. अमेरिकेत स्टारबक्सने २०१८ मध्ये काहीही न घेता बसायला दिलेली मुभा जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतली. दुकानदाराची जागा ही दुकानदाराचीच असते. तिच्यावर महिनाभराच्या कामाचा भरवसा ठेवणं हा भाबडेपणा आहे, मग कॉफी कितीही उत्तम असो.

त्याहून मोठी चूक होते ती घड्याळाची. मुंबईचं ऑफिस दहाला उघडतं तेव्हा बँकॉकला साडेअकरा, सिंगापूरला साडेबारा, टोकियोत दीड वाजलेला असतो. पूर्वेला गेलेल्याची सकाळ मोकळी. फिरून, जेवून, ग्रंथालयात आरामात जागा धरून कामाला बसता येतं. पश्चिमेचा हिशेब कठोर आहे. मुंबईचे दहा म्हणजे लंडन आणि लिस्बनला उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार. त्या वेळी ना ग्रंथालय उघडं, ना कॅफे. म्हणजे पश्चिमेच्या शहरात उतरण्याच्या खोलीतच टेबल, खुर्ची आणि दार लावता येणारी जागा आहे का, हे आधी पाहायचं. बाहेरची जागा दुपारची, तीही मुंबई घरी गेल्यावरची. डबक चाळीतल्या पहाटे दोनच्या अभ्यासाची आठवण पडद्यावर बारा चेहरे उजळलेले असताना लंडनच्या काळोखात कुणाला झाली, तर आश्चर्य नाही.

आणि कागदपत्रं. पर्यटक म्हणून गेलेल्याने तिथे बसून आपल्या देशातली नोकरी करावी की नाही, यावर बरेच देश वर्षानुवर्षं गप्प होते. एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये अशा लोकांसाठी वेगळा व्हिसा काढला, मग पोर्तुगाल आणि स्पेन त्याच वाटेने गेले. थायलंडने जुलै २०२४ मध्ये पाच वर्षांचा व्हिसा आणला. एका वेळी १८० दिवस राहता येतं, बँकेत पाच लाख बाट दाखवावे लागतात. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून पाहुण्याच्या व्हिसावर आपल्या देशातलं काम दूरस्थ करायला मुभा दिली, पण येण्याचा मुख्य हेतू काम हा नसावा. सहा महिन्यांच्या पुढे मुक्काम गेला, की बहुतेक ठिकाणी प्राप्तिकराचा प्रश्न उभा राहतो. साहेबांच्या तोंडी परवानगीवर निघालेल्यांनी एवढं तरी वाचून जावं.

लंडनला मात्र बाबासाहेबांची वाट अजून चालता येते. ब्रिटिश म्युझियमची वाचनशाळा १९९७ मध्ये वाचकांसाठी बंद झाली, ग्रंथालय सेंट पँक्रसच्या नव्या इमारतीत गेलं. इंडिया ऑफिसचं दफ्तरही आता तिथेच, तिसऱ्या मजल्यावरच्या आशिया-आफ्रिका विभागात. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दाखवला की वाचक-कार्ड अजूनही फुकट मिळतं. आत पेन चालत नाही, पेन्सिलच. सामान पारदर्शक पिशवीत. कार्ड नसलं तरी बाहेरच्या मोकळ्या मजल्यांवर टेबलं आणि वायफाय आहे, पण तिथे सकाळीच लॅपटॉपवाल्यांची झुंबड उडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ल्याने या ग्रंथालयाची सगळी ऑनलाइन सूची कोलमडली आणि वाचकांना काही महिने जुन्या पद्धतीने चिठ्ठ्या भराव्या लागल्या. टेबलं मात्र होती तिथेच होती.

किंग हेन्रीज रोडचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. कॅम्डन कौन्सिलने त्यावर हरकत घेतली: ही राहायची वस्ती, इथे संग्रहालय चालणार नाही. वर्दळीबद्दल शेजाऱ्यांच्या तक्रारी होत्या. प्रकरण अपिलात गेलं आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्याने स्मारकाला परवानगी दिली. ज्या घरात एका विद्यार्थ्याला धड बसता येत नव्हतं, तिथे किती लोकांनी यावं यावर वाद झाला.

आता उलटा विचार करून पाहावा. बर्लिनच्या कंपनीत नोकरी करणारी एखादी मुलगी दोन महिने माझगावात राहायला आली, तर ती कुठे बसेल? भंडारवाड्याच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीवर बाप्टिस्टांच्या नावाचं उद्यान आहे. खाली डॉकयार्ड रोड स्टेशन, पलीकडे माझगाव डॉकच्या क्रेन, वारा भरपूर. पण प्लग नाही, आणि जून ते सप्टेंबर तो पर्याय पावसात वाहून जातो. ससून आणि एशियाटिक या दोन्ही ग्रंथालयांत सभासदत्वाची भानगड. मंडळांच्या अभ्यासिका दहावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी, आणि तिथे तिने गर्दी करूही नये. सार्वजनिक वाचनालयांत वर्तमानपत्रांची लाकडी उतरती टेबलं असतात. त्यांच्यावर लॅपटॉप घसरतो. शिवाय बर्लिनचे सकाळचे नऊ म्हणजे इथले दुपारचे साडेबारा किंवा दीड, आणि सुट्टी रात्री दहाच्या आसपास. त्या वेळी यातलं बहुतेक काही उघडं नसतं.

मग ती टॅक्सी करून लोअर परळला जाईल, गिरणीच्या आवारातल्या एखाद्या को-वर्किंग ऑफिसात. वातानुकूलन, केबिनी, कॉफीचं मशिन, रात्रीही प्रवेश, भाडं महिन्याचं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा त्या जमिनींचं काय करायचं यावर १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ वं कलम आलं होतं. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला उद्यानं आणि सार्वजनिक सोयींसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकांना. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली: वाटणी सगळ्या जमिनीची करायची नाही, जिथे बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या जमिनीची. शहराच्या वाट्याला येणारं क्षेत्र आक्रसलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. अभ्यास गल्लीतली मुलं त्या संध्याकाळीही फुटपाथवरच बसली असणार.